नॉमिनी भासरे (नवऱ्याचे मोठे भाऊ) आहेत, मग पैसे त्यांचेच झाले का?

नागपुरातल्या मानेवाड्याची एक ताई, वय असेल पस्तीसच्या आसपास, मे महिन्याच्या भर दुपारी बायकांना सल्ला देणाऱ्या आमच्या सेंटरला आली. नवरा हिंगणा एमआयडीसीत कामाला होता, हार्ट अटॅकने गेला, तीन महिने झाले होते. घरी दोन मुलं, मुलगा 11 चा, मुलगी 7 ची, आणि सासूबाई. बसल्या बसल्या तिनं पर्समधून एक स्टॅम्प पेपर काढला अन् म्हणाली, मॅडम, हे तेवढं वाचून सांगा जी, उद्या सही करायची आहे.

त्यात लिहिलं होतं की माझ्या पतीच्या एफडीवर माझा आणि माझ्या मुलांचा कुठलाच हक्क नाही, मी राजीखुशीने सोडत आहे. एफडी सहा लाखांची. नवऱ्यानं लग्नाच्या आधी काढलेली, तेव्हा नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव टाकलं, मग ती आपोआप रिन्यू होत गेली आणि ते नाव बदलायचं राहूनच गेलं. बँकेनं पैसे भासऱ्यांच्या खात्यात जमा केले. नातेवाईक सगळे एकच सांगून राहिले होते, नॉमिनी म्हणजे मालक, आता काय भांडता, सही करा म्हणजे घरात शांती राहील.

मी तिला म्हटलं, आधी तो कागद पर्समध्ये ठेव, उद्या सही करायची नाही, कोणी कितीही म्हटलं तरी नाही.

हा गैरसमज माझ्याकडे इतक्यांदा येतो की आता वाईट वाटतं, कारण तेवढ्यापायी बाया सह्या करून मोकळ्या होतात. बँक नॉमिनीला पैसे देते कारण कायद्यानं तिची जबाबदारी तिथं संपते, एवढाच त्याचा अर्थ. नॉमिनीनं ते पैसे वारसांसाठी हातात घेतलेले असतात, ते त्याचे होत नाहीत. सुप्रीम कोर्टानं 1984 मध्ये विम्याच्या एका केसमध्ये हेच म्हटलं होतं आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. इथं मृत्युपत्र नव्हतं आणि पैसा त्याच्या स्वतःच्या पगारातला.

ताईचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाली, म्हणजे सगळे माझे?

नाही, हे पण सांगणं भाग होतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगा, मुलगी आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे सहा लाखांचे चार भाग, दीड-दीड लाख, त्यातला एक सासूबाईंचा. हे चौघं असताना भावाला काहीच नाही. ती थोडा वेळ गप्पच बसली, मग म्हणाली की आईंनी तर मला एका शब्दानं विचारलं नाही. मी म्हटलं त्यांनाही कोणी सांगितलं नसेल बाई, त्यांना पण वाटत असेल की पैसे मोठ्या मुलाचे झाले. आणि एक, तुझा वाटा तू सोडशील एक वेळ, पण पोरांचा वाटा असा स्टॅम्पवर सोडून द्यायचा तुला अधिकार नाही, तो तुझा नाहीच मुळी.

पीएफचं तिनं विचारलंच नव्हतं, मीच विचारलं. तिथंही लग्नाआधीचं भावाचंच नाव. पण पीएफच्या नियमात लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की रद्द धरतात, म्हणून तो क्लेम तिनं, मुलांनी आणि त्याच्यावर अवलंबून असतील तर सासूबाईंनी करायचा होता, आणि हे तिला कंपनीतही कोणी सांगितलं नव्हतं, तीन महिने!

वकिलाच्या फीची भीती होती. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत, म्हणून तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं, सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात. फोन करायचा तर 15100. केस टाकायच्या आधीच त्यांनी दोन्हीकडच्यांना बोलावलं. भासरे पहिल्यांदा खूप रागात होते, मी पण तिथं होते, पण माणूस लबाड नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की नाव आहे म्हणजे हक्क आहे. सासूबाईंना चार वाट्यांचं सांगितलं तर त्या मोठ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, पोरांचे देऊन टाक रे बापा.

लोक अदालतीत तडजोड लिहिली गेली, तिला दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखीच किंमत असते, नंतर फिरता येत नाही. पैसे दोन हप्त्यांत आले. सासूबाईंनी आपला दीड लाख स्वतःच्या नावावर ठेवला, काही नातेवाइकांना ते खटकलं, मला अजिबात नाही, म्हातारपणात बाईच्या हातात पैसा असायलाच पाहिजे.

परवा ताईचा फोन आला, बँकेतूनच, नवीन एफडीचा फॉर्म भरत होती. नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी देता येतात हे तिला तिथं कळलं. दोन्ही मुलांची नावं लिहिली, अर्धं अर्धं. मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, म्हणून त्यांच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव मागत होते, तर विचारलं, आईंचं टाकू का? मी म्हटलं, टाक.