सांगलीत सध्या गाजतोय तो पिस्ता कुनाफा, म्हणजे शेवया, पिस्ता, आइस्क्रीम आणि चॉकलेटचा गोड डबा, खाण्यासारखा आहे का?

नाही. रांगेत पाऊण तास उभं राहून साडेतीनशे रुपये मोजण्यासारखा तर अजिबात नाही. मी गेलो त्या दुकानाचं नाव घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

माझा धंदा बेदाण्याचा. मार्केट यार्डात सौद्यांना उभं राहून वीस वर्षं झाली. सुका मेवा समोर आला की आधी रंग, मग वास, मग तोंडात, हे आता अंगात मुरलंय. रंग जरा जास्तच चांगला दिसला की माल नाकाशी जातोच. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्यासारखी खोड नसलेल्याला तोच कुनाफा आवडेलही.

पुतणी अकरावीला आहे. महिनाभर तिचं "काका, एकदा जाऊया ना" चाललं होतं, शेवटी रविवारी संध्याकाळी नेलं. बाहेर टोकन. आत भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत, त्यावर गुलाबी दिव्यांची अक्षरं, आणि बसायला इतकी उंच स्टुलं की माझे पाय लोंबकळत होते. गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की आमचा नंबर पुकारलेला ऐकूच आला नाही. आणखी दहा मिनिटं गेली.

डबा आला. वरून चॉकलेट ओततानाचा व्हिडिओ काढायचा असतो, तो काढून झाला. मग मी चमचा घातला. आतला पिस्ता पोपटी! भाजलेला पिस्ता वाटला की मळकट हिरवा होतो, थोडा खाकीकडे झुकणारा. पोपटी कधी होत नाही. नाकाशी नेला तर बदामाच्या इसेन्सचा वास.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, "पिस्ता कुठला रे?"

"इम्पोर्टेड आहे, सर."

"इराणचा का अमेरिकेचा?"

तो जरा घुटमळला. "दुबईचा, सर."

पुतणीनं मागून शर्ट ओढला, म्हणून मी गप्प बसलो. दुबईत पिस्ता पिकत नाही. तिथं 2021 मध्ये पिस्ता-कुनाफा भरलेलं चॉकलेट निघालं, पुढं ते रीलमधून जगभर पसरलं आणि 2025 मध्ये पिस्त्याचे भाव त्यापायी चढले. सोललेला हिरवा गर किलोला हजाराच्या बराच पुढं असतो. साडेतीनशेत जागाभाडं, दिवे, डबा आणि रीलवाल्यांचं फुकट खाणं बसवल्यावर पिस्त्याच्या वाट्याला काय उरणार? काजू नाहीतर शेंगदाण्याची पेस्ट, रंग आणि इसेन्स, असा आपला माझा अंदाज.

खरा कुनाफा गरम खायचा असतो. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसचा प्रसिद्ध आहे: केसासारख्या बारीक तारा तुपात कुरकुरीत केलेल्या, आत चीज, वर पाक. आमच्या डब्यात भाजलेल्या शेवया होत्या, त्याही आइस्क्रीमखाली बसून मऊ पडलेल्या. चॉकलेट टाळूला मेणासारखं चिकटलं. कोको बटर साधारण 34 अंशांना, म्हणजे तोंडाच्या उबेलाच वितळतं. त्याऐवजी पामसारखं वनस्पती तेल घातलेलं कंपाउंड चॉकलेट असलं की जीभ फिरवत बसावं लागतं.

एवढं ऐकूनही पोरं ऐकणार नसतील तर मधल्या वारी जा, आणि पैसे भरायच्या आधी पिस्त्याची पेस्ट चमचाभर चाखायला मागा. देत नसतील तर कॉफी घ्या. कॉफी बरी होती, खोटं कशाला बोलू.

पुतणीनंही अर्धा डबा टाकला. वाया नको म्हणून मी तो घरी आणून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी आईनं तो कोमट दुधात कालवून खाल्ला आणि मला हाक मारली, "खीर बरी झालीय रे, पण शेवयांना बदामाचा वास कशाला मारलाय?"