वाचकांचे प्रश्न : गेमिंग पीसी तयार घ्यावा की असेंबल करावा?

प्रश्न : बजेट बेताचं आहे आणि १०८०पी (फुल एचडी) वर गेम खेळायचे आहेत. एका तयार पीसीच्या जाहिरातीत 'सहा कोअर प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ८ जीबी ग्राफिक्स, ५०० वॉट एसएमपीएस' एवढंच लिहिलं आहे. सुटे भाग घेऊन असेंबल केला तर स्वस्त पडेल का?

उत्तर : या जाहिरातीवरून ते सांगता येणार नाही, कारण जे लिहायला हवं तेच तिच्यात गाळलं आहे. '८ जीबी ग्राफिक्स' म्हणजे कोणतं कार्ड? आरटीएक्स ४०६० चं ८ जीबीचं, आरएक्स ६६०० चंही ८ जीबीचं, आणि २०१७ सालचं आरएक्स ५८० सुद्धा ८ जीबीत मिळत होतं. तिघांच्या वेगात मोठी तफावत आहे. मेमरीचा आकडा कार्डाचा वेग सांगत नाही. कार्डाचं पूर्ण नाव लेखी मागा, आणि त्याचबरोबर मदरबोर्डचं मॉडेल, एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मॉडेल आणि रॅमच्या स्टिक किती तेही. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच सोडून द्या.

सगळ्यात जास्त काटकसर एसएमपीएसमध्ये होते. त्याच्या अंगावरचं लेबल वाचायला शिका. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात, म्हणून त्या रकान्यातले अँपिअर बघायचे आणि त्यांना १२ ने गुणायचं. वर ठसठशीत '५०० वॉट' असेल आणि १२ व्होल्टखाली २५ अँपिअर असतील, तर तुमच्या कामाचे वॉट ३०० च. रायझन ५ ५६०० हा ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर आणि १३२ वॉटचं आरएक्स ६६०० या जोडीला चांगल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. चांगल्या मालात ४५० वॉटच्या युनिटलाही १२ व्होल्टवर ३६-३७ अँपिअर असतात.

मग रॅम. १६ जीबीची एकच स्टिक लावली की मेमरी सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने चालते. डीडीआर४ ३२०० प्रकारच्या रॅमचा वेग सेकंदाला ५१.२ जीबीवरून थेट २५.६ जीबीवर येतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) फारसे पडले नाहीत तरी गर्दीच्या दृश्यात गेम अडखळतो आणि लोक दोष कार्डाला देतात. ८ जीबीच्या दोन स्टिक मागा.

मदरबोर्डबाबत एकच बघा : एसएमपीएसकडून येणारा मुख्य कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा आहे का. काही ब्रँडेड पीसींमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्याच मापाचे असतात. पुढे मोठं कार्ड घ्यायचं ठरलं की एसएमपीएस बदलता येत नाही, आणि बोर्ड बदलायचा तर कॅबिनेटही जातं.

एवढी माहिती हाती आली की हुबेहूब त्याच भागांची बेरीज करा. विंडोजचं लायसन्स, वाय-फाय आणि प्रोसेसरचा कूलर धरायला लोक विसरतात, आणि तिथेच असेंबल पीसी कागदावर स्वस्त दिसतो. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही तयार पीसी घ्या म्हणू. पण दरवेळी ताजी बेरीज करा : २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा काळात जुन्या भावाच्या रॅमवर बांधलेला तयार पीसी सुट्या भागांपेक्षा स्वस्त निघू शकतो.

प्रश्न : आजवर पीसी कधी उघडलेला नाही. स्वतः जुळवताना काही जळून जाण्याची भीती किती?

उत्तर : जळण्याची कमी, पिना वाकण्याची जास्त. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा. इंटेलच्या एलजीए १७०० आणि एएमडीच्या एएम५ या प्रकारांत पिना सॉकेटमध्ये असतात, एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, वरून दाबायचा नाही. एएम४ चा कूलर पुढे कधी काढायचा झाला तर पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा आणि मग कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर वाळलेली पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) प्रोसेसरलाही सॉकेटातून उपटून आणते.

सगळं कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड आणि एसएमपीएस जोडा. पॉवरचं बटण नसतं, म्हणून बोर्डावरच्या 'पॉवर स्विच'च्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. डिस्प्ले आला की मगच आत बसवा. कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे बुटके खांब) बोर्डाच्या छिद्रांशी ताडून बघा. जिथे छिद्र नाही तिथे एखादा राहून गेला, तर बोर्डामागचे सांधे शॉर्ट होतात. कूलरच्या बुडाची प्लॅस्टिक फिल्म काढा (हसू नका, बऱ्याच जणांची राहते). प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरला पेस्ट बहुधा लावलेलीच असते. नसेल तर मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरे.

प्रोसेसरची ८ पिनांची केबल ४+४ अशी विभागते, कार्डाची ६+२ अशी. दिसायला जुळ्या, पण एकीच्या जागी दुसरी कोंबू नका. आणि खरोखर जळण्याची मोठी वाट ही : जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्या युनिटला लावणं. टोक बसतं, आतली वायरिंग वेगळी असते आणि एसएसडी जाते.

पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, तर आधी मॉनिटरची केबल बघा. ती ग्राफिक्स कार्डात हवी. रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाचा एचडीएमआय पोर्ट मुकाच राहणार. मग रॅम काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. घाबरून बंद करू नका. शेवटी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावरच धावत राहील. तयार पीसीतही हे तपासावं.

प्रश्न : कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड टाकलं तर?

उत्तर : पीसी नीट निवडला तर चालेल. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरच्या खाली जाऊ नका. त्याआधीच्या जवळपास सगळ्या इंटेल प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची सपोर्ट मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आठव्या पिढीच्या आय५ ८४०० ला सहा कोअर आहेत, ते पुरतात.

अडचण एसएमपीएसची. त्याला कार्डाची केबल बहुधा नसतेच, म्हणून स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड हवं. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॉटची आहे, ती बसते. साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्क-एसएसडीला वीज देणाऱ्या) कार्डासाठी ६ पिन काढणारं अडॅप्टर वापरू नका. साटाची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट आणि ६ पिनांची मागणी ७५ वॉटपर्यंत जाते, म्हणून प्लॅस्टिक वितळतं. बारीक कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच मावेल. आधी पट्टीने मोजा.

प्रश्न : वॉरंटीत कोणता सरस?

उत्तर : तयार पीसीत जबाबदार एकच, पण अख्खं यंत्र पाठवावं लागतं. झाकण उघडून रॅम वाढवली तर वॉरंटी जाते का, हे घेण्याआधीच विचारा. असेंबल पीसीत प्रत्येक भागाची मुदत वेगळी, एसएमपीएसची तर बऱ्याचदा सगळ्यात लांब, पण बिघाड कोणत्या भागात हे तुम्हालाच शोधावं लागतं. बिलं जपा आणि कार्ड, बोर्ड, एसएमपीएस आत बसवण्याआधी त्यांच्या सीरियल नंबरांचे फोटो काढून ठेवा. नंतर ते स्टिकर भिंतीकडच्या बाजूला जातात.