जनांतिक म्हणजे पब्लिकशी गप्पा नव्हेत

प्रश्न असा आलाय: मुलीला इंग्रजीला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लावलंय, ती त्यातल्या नाट्ययुक्त्यांवर मराठीत टिपणं काढतेय, तर असाइडला, म्हणजे इतर पात्रांना ऐकू जात नाही असं मानलेल्या बोलण्याला, स्वगत म्हणायचं की जनांतिक, आणि ज्युलिएटचं ते बाल्कनीतलं भाषण यातलं नेमकं काय? शिवाय ड्रॅमॅटिक आयरनीला मराठी शब्द कोणता?

आधी ती बाल्कनी सोडा, अख्ख्या नाटकात हा शब्द एकदाही येत नाही, ज्युलिएट खिडकीशी येते. तिच्या ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’तला ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’, ‘कुठे’ नाही, हेही लोकांचं सांगून झालंय. माझं डोकं फिरतं ते भलत्याच गोष्टीने. एकांकिका स्पर्धांचे परीक्षक, शिबिरं घेणारे दिग्दर्शक, यूट्यूबवरचे नाट्यपंडित, सगळे खुशाल म्हणतात, ‘नटाने प्रेक्षकांशी छान जनांतिक साधलं’. साधलं कसलं, डोंबल! शब्दात ‘जन’ दिसला की यांना लगेच समोरचं पब्लिकच दिसतं.

जनांतिकात रंगमंचावरची दोन पात्रं आपसात बोलतात आणि बाकीच्या पात्रांना ते ऐकू येत नाही, असं मानायचं असतं. दहाव्या शतकातला धनंजय दशरूपक या आपल्या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात तर हात कसा धरायचा तेही सांगतो, ‘त्रिपताकाकरेणान्यानपवार्य’, म्हणजे पंजा सरळ, फक्त अनामिका दुमडलेली, आणि त्या हाताने इतरांना आडोसा करायचा. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात हा श्लोक जवळपास तसाच उचललाय, त्याबद्दल त्याला कोणी काही बोलत नाही, असो.

आता खरी गंमत. ‘अंतिक’ म्हणजे जवळ. अंत म्हटलं की आपल्याला शेवट आठवतो, पण गुरूजवळ राहणारा तो अंतेवासी, तिथे कुणाचा शेवट होतो? मुळात ‘अंति’ म्हणजे समोर, जवळ, आणि लॅटिनमधला ‘अँटे’ म्हणजे ‘पुढे’, तो याच घराण्यातला, इंग्रजीतला ‘एंड’सुद्धा. मग जनांतिक म्हणजे कोणाच्या जवळ? काही जण सांगतात की ज्याला सांगायचं त्या माणसाच्या जवळ, कानाशी. मला हे अजिबात पटत नाही. कानाशीच सांगायचं होतं तर ‘कर्णे’ अशी वेगळी सूचना संस्कृत नाटकांत आहेच की, ‘कर्णे एवमिव’ म्हणून पात्रं खरोखर कुजबुजतात. माझं म्हणणं असं की यातला ‘जन’ म्हणजे ज्यांना वगळलंय ते लोक. ते तिथेच उभे आहेत, हाताच्या अंतरावर, आणि त्यांच्या देखत, त्यांच्या नाकावर टिच्चून गुपित बोललं जातंय! धनंजय त्याच श्लोकात ‘जनान्ते’, म्हणजे लोकांजवळ, म्हणतो तेही माझ्याच बाजूचं आहे. ज्यांना ऐकू जाऊ द्यायचं नाही त्यांच्यावरूनच युक्तीचं नाव पाडलंय. यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी निदान श्लोक उघडून बसावं, कुठल्यातरी गाइडातलं एका ओळीचं उत्तर घेऊन येऊ नये.

शेक्सपिअरमध्ये याचं अस्सल उदाहरण हवं असेल तर पहिल्या अंकाचा पहिलाच प्रवेश काढा. कॅप्युलेटांकडचा, म्हणजे ज्युलिएटच्या घरचा, नोकर सॅम्पसन मॉन्टेग्यूंच्या, म्हणजे रोमिओकडच्या, माणसांकडे बघून अंगठा चावतो, हा तिकडचा अपमान. एब्राहम विचारतो, आमच्याकडे बघून अंगठा चावता काय? सॅम्पसनची फाटते आणि तो एब्राहमच्या समोरच आपल्या ग्रेगरीला विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का रे? ग्रेगरी म्हणतो, नाही. लगेच सॅम्पसन एब्राहमला सुनावतो, नाही महाराज, तुमच्याकडे बघून चावत नाही, पण चावतोय खरा! ते मधलं सवाल-जवाब शंभर टक्के जनांतिक. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात प्रियंवदा शकुंतलेच्या देखत तिच्याच प्रेमरोगाबद्दल अनसूयेशी बोलते तेही असंच, कंसात सरळ ‘जनान्तिकम्’ लिहिलेलं असतं. शेक्सपिअरच्या 1597 आणि 1599 च्या छापील प्रतींत अशा सूचना फारशा नाहीत, बहुतेक ‘असाइड’ नंतरच्या संपादकांनी घातलेत, त्यामुळे कुठल्या ओळीला काय म्हणायचं यावर त्यांच्यातही हाणामाऱ्या आहेतच.

असाइडचा दुसरा प्रकार एकट्याचा, तो स्वगत. विश्वनाथाची व्याख्या स्वच्छ आहे, ‘अश्राव्यं खलु यद्वस्तु तदिह स्वगतं मतम्’, जे इतर पात्रांनी ऐकायचं नाही ते स्वगत, लांबीचा काही संबंध नाही. तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आई रोमिओला हरामखोर म्हणते तेव्हा ज्युलिएट मनाशी म्हणते, हरामखोर आणि तो यांच्यात कोसांचं अंतर आहे. एक ओळ, पण पक्कं स्वगत. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत कंसात ‘स्वगत’ आणि मग ‘उघड’ असं यायचं ते याचसाठी, उघड म्हणजे संस्कृतातलं ‘प्रकाशम्’. पुढे आपण दोन-दोन पानांच्या सॉलिलॉक्वीलाही, म्हणजे एकट्या पात्राच्या लांबलचक भाषणालाही, स्वगतच म्हणायला लागलो आणि छोटं स्वगत बिचारं बेवारस झालं, मग त्याला कोणीतरी जनांतिक म्हणून टाकलं, असा सगळा घोळ झाला असणार.

मग दुसऱ्या अंकातल्या खिडकीतल्या ज्युलिएटचं काय? ती एकटीच आहे असं समजून बोलतेय, पण रोमिओ खाली अंधारात उभा राहून ऐकतोय, म्हणजे ‘अश्राव्यं’ची अट मोडली. आकाशभाषित म्हणावं तर त्यात समोर नसलेल्या माणसाचं उत्तर ऐकू आल्यासारखं ‘काय म्हणतोस?’ असं करत बोलायचं असतं, तेही ही करत नाही. गंमत म्हणजे त्या प्रवेशात शंभर नंबरी स्वगत रोमिओचं आहे, ‘अजून ऐकू की आता बोलू?’ एवढंच. दुष्यंतही वेलींच्या आड लपून शकुंतलेच्या मनातलं ऐकतो, पण कालिदासाने तिला बोलायला दोन मैत्रिणी दिल्यात, त्यामुळे तिथे नियम मोडत नाही. शेक्सपिअर नियम मोडतो आणि त्याचाच प्रसंग करतो, ज्युलिएट नंतर रोमिओला स्वतःच बोलून दाखवते की माझ्या नकळत तू सगळं ऐकलंस. तेव्हा टिपणात लिहायचंच असेल तर ‘चोरून ऐकलं गेलेलं स्वगत’ असं लिहा, लांबलचक आहे पण खोटं नाही.

आयरनीचं राहिलंच. ‘नाट्यात्म उपरोध’ असा शब्द चालतो, मला आवडत नाही, उपरोध म्हटलं की पुणेरी पाट्या आठवतात. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही, एवढं मुलीच्या डोक्यात असलं की झालं. इथे तर सुरुवातीच्या चौदा ओळींतच दोघं मरणार हे सांगून टाकलंय. आणि त्या मघाच्याच तिसऱ्या अंकात, रोमिओला मेलेला बघेपर्यंत माझं समाधान होणार नाही, असं आईला वाटेल पण वाक्य जरा वेगळं तोडलं की मेलेलं ते माझं काळीज होईल, अशी ओळ ज्युलिएट बोलते, तिला कित्येक जण असाइड समजतात. असाइड नाहीच ते, आईच्या तोंडावर मोठ्याने बोललेला श्लेष आहे, म्हणजे उघड.