तारली, पेडवा आणि काळुंदराच्या नावाखाली चिलापी

प्रश्न : रत्नागिरीहून येणाऱ्या मासळीतून मी नेहमी तारली घेतो. कधी ती जिभेवर विरघळते, कधी नुसते काटे. मासा एकच ना?
(वाचक, विश्रामबाग, सांगली)

बहुधा नाही. तारलीही बारा महिने सारखीच तेलकट नसते, पण वर्णनावरून दुसऱ्या वेळी पेडवे पदरात पडलेत असं वाटतं. क्वचित बांगड्याची पिल्लंही मिसळतात. ती ओळखायला सोपी : बांगड्याच्या पाठीवर दोन पर, आणि त्यांच्यामागे शेपटीकडे पाच बारीक सुटे पर. तारली-पेडव्याच्या पाठीवर एकच पर. शिवाय पोटाच्या कडेवरून बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवलं की टोकदार खवले टोचतात. बांगड्याचं पोट गुळगुळीत.

तारली आणि पेडवा वेगळे करणं मात्र कटकटीचं. सोनेरी पट्ट्यावर जाऊ नका. तो काही पेडव्यांनाही असतो, आणि बर्फात आंबा घाट चढून येईपर्यंत विटतोही. पाठीवरचा पर जिथं सुरू होतो तिथं काळसर ठिपका दिसला तर पेडवा समजा. तारलीचा काळा ठिपका कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेवर असतो. तरीही शंका असेल तर पोटावरचा पर पसरून काड्या मोजा : तारलीत 9, पेडव्यात 8. भिंग लागेल, मासेवाल्या मावशी हसतीलही.

घरी साफ करताना आणखी एक खूण सापडते. कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर कंगव्यासारखे दाते असतात. पूर्ण वाढलेल्या तारलीत कमानीच्या खालच्या भागातच ते दीडशेहून जास्त, पेडव्यात शंभरही नाहीत. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती गाळून खायच्या, म्हणून तारलीला एवढी दाट गाळणी.

प्रश्न : आठवडी बाजारात सुकी मांदेली म्हणून काटी देतात का?
(वाचक, कोरेगाव)

देतात. शेपटी बघा. काटीची दुभंगलेली, मांदेलीचं अंग मागे निमुळतं होत जातं आणि पोटाखालचा लांब पर थेट शेपटीला मिळतो. चुरा झालेला ढीग असेल तर घेऊच नका.

प्रश्न : कऱ्हाडात काळुंदर म्हणून मिळालेला मासा चिलापीसारखा लागला. फसवलं का?
(वाचक, कऱ्हाड)

चिपळूणहून कुंभार्ली घाटानं खरा काळुंदर येऊ शकतो, पण चिलापी इथल्याच पाण्यात मुबलक. दोन्ही एकाच कुळातले, म्हणून अंगलट सारखी. काळुंदर आपल्याकडचा, खाडीतला. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 साली आणलेली. काळुंदराच्या अंगावरचे मोत्यासारखे ठिपके बर्फात फिके पडतात, तेव्हा पोटाखालच्या मागच्या परातले टणक काटे मोजा. चिलापीत 3, काळुंदरात 12 किंवा 13. इतका फरक बोटांनाही कळतो. फक्त हे कापायला देण्याआधी करा, कारण पर छाटले की मोजायला काही उरत नाही. आणि चिलापी निघाली तरी टाकू नका, तिखट रश्श्यात ती उत्तम लागते. भाव तेवढा चिलापीचा द्या.