मॅटर्निटी पे संपल्यावरचे तेरा आठवडे

ब्रिटनमध्ये बाळंतपणाची रजा 52 आठवड्यांची, पण कायद्याने मिळणारा मॅटर्निटी पे मात्र 39 आठवड्यांचाच. पहिले 6 आठवडे सरासरी पगाराच्या 90 टक्के, पुढचे 33 आठवडे आठवड्याला 187.18 पौंड (सरासरीचे 90 टक्के त्याहून कमी भरत असतील तर तेवढेच) आणि शेवटचे 13 आठवडे काहीच नाही. हे आणि पुढचे आकडे 2025-26 चे आहेत. त्यांतले बरेच दर एप्रिलला बदलतात. घराघरांत क्रेडिट कार्डावर कर्ज साचायला लागतं ते त्या 33 आठवड्यांतच. पगार पूर्ण थांबला की ते एकदम अंगावर येतं, आणि मग कुणीतरी सांगतं, "अगं, बेनिफिट्स घे ना, सगळे घेतात."

थांबा. आधी दोघांचेही ई-व्हिसा (व्हिसाची ऑनलाइन नोंद) उघडा आणि 'नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, ही अट आहे का ते बघा. स्किल्ड वर्कर, हेल्थ अँड केअर, स्टुडंट आणि त्यांचे डिपेंडंट या व्हिसांवर ती जवळजवळ नेहमीच असते. ती असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा मिळणारी मदत), चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता), हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची मदत) आणि उत्पन्न कमी म्हणून मिळणारी कौन्सिल टॅक्समधली (घरपट्टीसारख्या स्थानिक करातली) सूट यांना हात लावायचा नाही. बाळ इथे जन्मलं, अगदी ब्रिटिश नागरिक असलं, तरी हक्क आईवडिलांच्या व्हिसावरून ठरतो. चाइल्ड बेनिफिटचा अर्ज चुकून मंजूर होऊन पैसे सुरूही होतात. मंजूर झालं म्हणजे चालतं, असं मुळीच नाही: पैसे परत करावे लागतात आणि व्हिसाची अट मोडल्याची नोंद पुढच्या अर्जात आडवी येते.

दोघांपैकी एकाकडे आयएलआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर चित्र बदलतं. चाइल्ड बेनिफिट त्याने स्वतःच्या नावाने मागावा: पहिल्या मुलासाठी आठवड्याला 26.05 पौंड, पुढच्या प्रत्येकासाठी 17.25. मागची रक्कम फक्त 3 महिन्यांची मिळते, म्हणून लांबवू नका. दोघांपैकी जास्त कमावणाऱ्याचं उत्पन्न वर्षाला 60,000 पौंडांच्या वर गेलं की त्यातलं थोडं थोडं करातून परत जातं, 80,000 ला सगळंच. युनिव्हर्सल क्रेडिटही तो मागू शकतो. त्यात जोडीदाराचं नाव लपवायचं नाही. रक्कम एकट्या माणसाच्या दराने मिळते, पण उत्पन्न आणि बचत दोघांची मोजली जाते. असा दावा नियमात बसतो, त्याने जोडीदाराच्या व्हिसाला धक्का लागत नाही. ज्यांचा व्हिसा ब्रिटिश जोडीदाराच्या आधारावर मिळाला आहे आणि घर खरोखरच चालेनासं झालंय, त्यांना ही अट काढून टाकण्यासाठी गृहखात्याकडे 'चेंज ऑफ कंडिशन्स' हा अर्ज विनाशुल्क करता येतो.

युनिव्हर्सल क्रेडिटचा हक्क असेल तर मॅटर्निटी पे संपेपर्यंत वाट बघू नका. स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे तिथे पगारासारखा धरतात, म्हणजे ठरावीक रकमेनंतरच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापतात. मॅटर्निटी अलाउन्स (हा पे ज्यांना लागू होत नाही त्यांना सरकारकडून मिळणारा भत्ता) मात्र पूर्णच्या पूर्ण वजा होतो. त्यामुळे स्टॅच्युटरी पे चालू असतानाही काहींना थोडी रक्कम बसते, आणि पे थांबला की ती आपोआप वाढते. अर्जापासून पहिले पैसे हातात यायला सुमारे 5 आठवडे लागतात. मधल्या काळासाठी मिळणारा 'ॲडव्हान्स' ही बिनव्याजी उचल आहे, पुढच्या हप्त्यांतून 24 महिन्यांपर्यंत कापली जाते. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याचा सांभाळ करणाऱ्यावर नोकरी शोधण्याची सक्ती नसते.

भारतातला फ्लॅट आणि एफडी

आपल्या लोकांची सर्वात मोठी चूक इथे होते. अर्जात मालमत्ता आणि बचत विचारतात, आणि उत्तर देताना पुण्याचा फ्लॅट, एनआरई खातं (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं बँक खातं), आईने नावावर केलेली एफडी, गावच्या जमिनीतला हिस्सा हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. ते सगळं मोजलं जातं. दोघांची मिळून बचत 16,000 पौंडांवर गेली की युनिव्हर्सल क्रेडिट बंद. 6,000 ते 16,000 च्या मध्ये असेल तर दर 250 पौंडांमागे (उरलेला तुकडाही पूर्ण धरून) महिन्याला 4.35 पौंड कमी. भारतातल्या बँक खात्यांची माहिती ब्रिटनच्या करखात्याकडे दोन देशांतल्या देवाणघेवाणीतून पोचते, तेव्हा 'कळणार नाही' या भरवशावर राहू नका.

घराची किंमत मोजताना आजच्या बाजारभावातून विक्रीखर्चापोटी 10 टक्के आणि त्या घरावरचं शिल्लक कर्ज वजा करतात. समजा फ्लॅट 60 लाखांचा, भावासोबत निम्मा, त्यावर 20 लाखांचं गृहकर्ज बाकी. 60 मधून 6 गेले, 20 गेले, उरले 34. तुमचे 17 लाख. पौंड 115 रुपयांना धरला तर साधारण 14,780 पौंड. दुसरी बचत नसेल तर दावा टिकतो, पण महिन्याला 156 पौंडांच्या आसपास कपात होते. एक सवलत फारच थोड्यांना माहीत असते: त्या घरात तुमचे किंवा जोडीदाराचे आईवडील राहत असतील आणि त्यांनी ब्रिटनमधलं पेन्शनचं वय गाठलं असेल, तर ते घर मोजतच नाहीत. अर्जात घर लिहायचं, कोण राहतं ते लिहायचं, आणि पत्ता व वय दिसेल असे त्यांचे कागद मागवून ठेवायचे.

व्हिसावर अट असेल तर काय उरतं?

पुष्कळ उरतं. मॅटर्निटी पे, मॅटर्निटी अलाउन्स आणि भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळणारा न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स (बेरोजगार भत्ता) हे 'पब्लिक फंड्स' नाहीत. बाळंतपणानंतर 12 महिने औषधं आणि एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) दंतवैद्य विनामूल्य. त्याचं मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिडवाइफकडून किंवा जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) औषधं घेण्याआधी घेतलेलं असायला हवं. जोडीदार भारतात असेल आणि घरात तुम्ही एकट्याच प्रौढ असाल तर कौन्सिल टॅक्सवर 25 टक्के सूट मिळते, तीही चालते. फूड बँकही चालते. मुलाला खायला किंवा छप्पर नाही अशी वेळ आली तर चिल्ड्रेन ॲक्ट 1989 च्या सेक्शन 17 खाली कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसकडे मदत मागता येते. ती व्हिसाच्या अटीत येत नाही.

पाळणाघराचा हिशेब मात्र नीट करा. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यापासून आठवड्याला मिळणारे पाळणाघराचे 30 विनामूल्य तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (पाळणाघराच्या खर्चात सरकारची भर) यांसाठी आईवडिलांपैकी एकाला तरी पब्लिक फंड्सचा हक्क लागतो. दोघांच्याही व्हिसावर अट असेल तर ते मिळत नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीचे 15 तास इंग्लंडमध्ये सगळ्यांना आहेत. दोन वर्षांच्या मुलासाठीही उत्पन्न कमी असेल तर 15 तास मिळतात: एक मूल असलेल्या घरात वर्षाला 26,500 पौंडांपर्यंत, लंडनमध्ये 34,500 पर्यंत.

आणि कामाच्या ठिकाणचे हक्काचे पैसे! पूर्ण 52 आठवड्यांत तुमची वार्षिक सुट्टी साचत असते, कायद्याने किमान 28 दिवस. रजा 39 आठवड्यांवर संपवून लगेच तोवर साचलेली सुट्टी लावली की सुमारे चार आठवडे पूर्ण पगारात निघतात. ठरल्या तारखेआधी परतायचं तर 8 आठवड्यांची सूचना लागते, म्हणून पत्र 31 व्या आठवड्याच्या आत द्या. 'कीपिंग इन टच'चे (रजा न मोडता कामावर जाण्याचे) 10 दिवस बिनपगारी आठवड्यांत ठेवा. आधी वापरले तर काही कंपन्या मॅटर्निटी पे त्या पगारातच जिरवतात. स्पॉन्सरशिपवर (कंपनीच्या आधाराने मिळालेल्या व्हिसावर) असाल तर बाळंतपणाची बिनपगारी रजा व्हिसाला बाधत नाही, पण परतताना तास कमी करण्याआधी एचआरला पगाराची मर्यादा विचारा. जुलै 2025 पासूनची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 41,700 पौंड आहे (तुमची वेगळी असू शकते), आणि अर्धवेळ काम घेतलं म्हणून ती निम्मी होत नाही.

देणी कोणत्या क्रमाने

सगळ्यांना थोडं थोडं देत बसू नका. घरभाडं किंवा मॉर्गेज (गृहकर्ज), कौन्सिल टॅक्स, गॅस-वीज आणि कोर्टाचा दंड आधी. क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, 'आता घ्या नंतर द्या'वाले हप्ते नंतर, मग त्यांचे फोन कितीही येवोत. कार्डवाला पत्रं पाठवतो. कौन्सिल टॅक्सचा एक हप्ता चुकला की 7 दिवसांची आठवणीची नोटीस, ती चुकली की उरलेल्या वर्षाची रक्कम एकदम देय, मग कोर्टाचा आदेश आणि दारात बेलिफ (वसुली अधिकारी). म्हणून हप्ता चुकायच्या आधीच कौन्सिलला लिहून 10 ऐवजी 12 हप्ते मागा. बहुतेक मॉर्गेज बँका 2023 च्या मॉर्गेज चार्टरप्रमाणे 6 महिने फक्त व्याज भरू देतात. वीज कंपनीला पाच वर्षांखालचं मूल घरात असल्याचं कळवून 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस' या खास लक्ष द्यायच्या ग्राहकांच्या यादीत नाव घाला आणि झेपेल असा हप्ता ठरवा.

भिशीचा हप्ता आणि मित्रांचे हातउसने यादीत लिहा. ते कुठल्याच कागदावर नसतात, आणि लाजेपोटी तेच आधी फेडले जातात, भाडं राहतं. मित्राला सरळ तारीख सांगितली तर तो बहुतेक वेळा थांबतो.

यादी झेपेनाशी झाली की स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थांकडे जा. सल्ला विनामूल्य असतो आणि व्हिसाच्या अटीत येत नाही. त्यांच्यामार्फत इंग्लंड आणि वेल्समध्ये 60 दिवसांचा 'ब्रीदिंग स्पेस' मिळतो: त्यात बहुतेक कर्जांवरचं व्याज, दंड आणि वसुली थांबते, चालू भाडं-बिलं मात्र भरत राहायची. तो तुम्हाला स्वतःहून लावता येत नाही, सल्लागारच लावतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीने व्हिसा नाकारला जात नाही; एनएचएसचं 500 पौंड किंवा जास्त देणं थकलं असेल तर नाकारला जाऊ शकतो, ते आधी मिटवा.

भारतातल्या कर्जाला ब्रीदिंग स्पेसचं संरक्षण नाही. शैक्षणिक कर्जावर बाबा जामीन असतील तर 90 दिवस थकल्यावर खातं एनपीए (बुडीत खात्यांत जमा) होतं आणि बँकेचा माणूस त्यांच्या दारात उभा राहतो. पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेला ई-मेल करा, मॅटर्निटी पे संपल्याचं कंपनीचं पत्र जोडा, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी लेखी ठेवा, आणि बाबांना त्याच दिवशी फोन करून हे सांगा.