वैरणीच्या मकेला पावसाच्या खंडात पाणी कधी द्यावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की २ एकर आफ्रिकन टॉल ही वैरणीची मका ४० दिवसांची झालीय, २० दिवस पावसाचा थेंब नाही, शेततळ्यात ५ लाख लिटर पाणी उरलंय आणि दावणीला ५ म्हशी आहेत. माझं मत सरळ आहे, दोन्ही एकर भिजवायच्या नादाला लागू नका. एकच एकर धरा आणि त्याला दोनदा पाणी द्या.

हिशोब बघा, एका एकरात ५ सेंटीमीटर पाणी बसवायचं तर २ लाख लिटर लागतं, म्हणजे दोन्ही एकरांना एकेकदा दिलं की तळं जवळजवळ रिकामं, आणि ऐन तुऱ्यात परत ओढ बसली तर बघत बसायचं. आमच्या माणदेशात ऑगस्टमध्ये असा खंड बऱ्याचदा पडतो आणि भरवशाचा पाऊस सप्टेंबरातच, म्हणून सांगतोय.

पहिलं पाणी कधी? दुपारी पानं सुरळी झाली म्हणून घाबरू नका, कडक उन्हात ती होतातच आणि संध्याकाळी उलगडतात. सकाळी सात-आठला रानात जा, तेव्हाही पानं गुंडाळलेलीच दिसली आणि बुडातली पानं पिवळी पडायला लागली असतील तर त्याच दिवशी मोटर चालू करा. काळं रान असेल तर भेगा रुंद व्हायच्या आत द्या, नाहीतर निम्मं पाणी भेगांतच जातं. सरीने देणार असाल तर एकाआड एक सरी सोडा, स्प्रिंकलर असेल तर वारा पडल्यावर रात्री किंवा पहाटे चालवा. युरिया द्यायचा राहिला असेल तर या ओलीवरच द्या, कोरड्यात टाकू नका.

दुसरं पाणी तुरा निघायच्या सुमारास, साधारण ५५ ते ६५ दिवसांत, मधे चांगला पाऊस झाला तर राहू द्या. मुरघास (हिरवी कुट्टी हवाबंद दाबून मुरवलेली वैरण) करायचा असेल तर मात्र हे पाणी चुकवूच नका, कारण मुरघासाची ताकद कणसातल्या दाण्यात असते आणि कणसाला केस येताना ताण बसला की दाणे भरतच नाहीत.

राहिलेल्या एकरातनं पंधरवड्यानंतर रोजची हिरवी वैरण कापायला लागा, फार करपायला लागली तर त्याआधीच. पण एक काळजी घ्याच, ताणातल्या मकेत नायट्रेट (जास्त झालं की जनावराला विषारी ठरणारा नत्राचा क्षार) साठतं आणि ते बुडख्यात जास्त असतं, त्यामुळे वीतभर बुडखा ठेवून वर कापा, कुट्टीत वाळला कडबा मिसळा आणि उपाशी म्हशीपुढे एकदम पाटी ओतू नका. लांबलेल्या खंडानंतर पाऊस पडला की दोन-चार दिवस नायट्रेट उलट वाढतं, तेव्हा आठवडाभर तरी त्या एकरातलं काही घालू नका, गाभण म्हशींना तर नाहीच.