शेतात खतासाठी धनगरांच्या मेंढ्या रात्री बसवायच्या असतील तर आधी काय ठरवावं?

वाड्याच्या, म्हणजे धनगरांच्या तळाच्या, कारभाऱ्याशी आधीच बोलून घ्या: मेंढरं किती, किती रात्री बसवायची, मोबदला रोख की धान्यात. पैसे आपण त्यांना द्यायचे असतात, भाडं घ्यायचं नसतं! दिवाळीनंतर घाटावरचे कळप कोकणाकडे उतरतात, पावसाआधी परततात, तेव्हाच गाठा.

खरा फायदा लेंड्यांइतकाच मुताचा, तो थेट मातीत मुरतो. म्हणून वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, रोज सरकवायला सांगा, नाहीतर एकाच तुकड्याला सगळं खत. आमच्याकडे सकाळी वाघर उचलली की जमीन काळीभोर दिसते, वास मात्र नाकात बसतो. वाडा हलला की लगेच कुळवाची पाळी घालून खत मातीत मिसळा, उन्हात खताचा कस उडतो.

मेंढरांना विहिरीचं पाणी मोकळं ठेवा. आंब्याची नवी कलमं असतील तर आधी कुंपण.